माळ्यावरचा व्हिडिओ गेम

मैत्रिणींनो, दिवाळीची आवराआवर म्हणजे नुसती जळमटं काढणं नव्हे, हे तुम्हांला मी काय सांगायचं! गेल्या दिवाळीआधी आईच्या मदतीला माहेरी, वरवे बुद्रुकला गेले होते. माळ्यावरून एक खोका खाली आला. आत आमचा जुना व्हिडिओ गेम! दोन रिमोट, प्लास्टिकची बंदूक आणि चार पिवळ्या कॅसेटी. "दे भंगारवाल्याला," आई म्हणाली. माझा काही हात होईना.

२००० सालच्या सुमाराला अप्पांनी तो पुण्याहून आणला होता. निन्टेन्डो या जपानी कंपनीनं १९८३ साली काढलेल्या यंत्राची ती स्वस्त नक्कल, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा आम्हांला काय त्याचं! सुट्टीत दादा आणि मी 'कॉन्ट्रा' खेळायचो. वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यात एक सोय होती. आपले जीव संपले, की जोडीदाराचे शिल्लक जीव घेता येत. माझे नेहमी आधी संपत. "घे, पण नीट खेळ," दादा म्हणायचा.

त्याच दादाशी तीन वर्षं माझं बोलणं नव्हतं. अप्पा गेले, सातारा रस्त्यालगतच्या जमिनींचे भाव चढले आणि हक्कसोडपत्रावरून शब्दानं शब्द वाढला. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला आहे. मी सही केली नाही आणि त्यात आजही मला चूक वाटत नाही. पण भाऊबीजेचं ताट रिकामं राहायचं, ते डोळ्यांना दिसायचंच ना! मी आले, की दादा शेतावर निघून जायचा.

असो. भाच्याच्या हट्टानं गेम लावायला बसले. कॅसेट फुंकून घालायची आपली जुनी खोड असते, ती सोडा बरं का! तोंडातल्या ओलाव्यानं आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीला थोडं स्पिरिट लावून पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. पिवळ्या-पांढऱ्या पिनांची वायर नव्या टीव्हीला बसते का, तेही आधी पाहावं. आमच्याकडे बसली. बंदूक मात्र चालेना. गंमत अशी, की त्या बंदुकीतून काही सुटतच नाही. खटका दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि तो उजेड बंदूकच टिपते. हा मेळ जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीशीच जमतो.

मग 'कॉन्ट्रा' लावला. ते संगीत सुरू झालं आणि खरं सांगते, घशात आवंढा आला. भाचा म्हणाला, "आत्या, एवढंच?" तरी खेळत राहिला. माझे जीव नेहमीप्रमाणे आधी संपले.

"उडी अजून उशिराच मारतेस तू."

दारात दादा उभा, पायांत वहाणा तशाच. वहिनी स्वयंपाकघरातून डोकावल्या आणि काही न बोलता आत गेल्या. भाच्यानं आपला रिमोट बापाच्या हातात दिला. रात्री दहापर्यंत आम्ही खेळलो. आईनं दोनदा जेवायला हाक मारली.

वाटणीचं बोलणं अजून व्हायचंच आहे. निघताना मी खोका बांधायला घेतला, तर दादा म्हणाला, "राहू दे इथंच, टीव्हीखाली."