डिस्क तुझी, डेटा कोणाचा?

मे महिना आला की सिंदी मेघेच्या हॉस्टेलांत आणि भाड्याच्या खोल्यांत छोटासा बाजारच भरतो. फायनल इयरवाले कूलर, गादी, सायकल आणि जुना पीसी ज्युनिअरच्या गळ्यात मारून गावाकडे निघतात. पूर्ण पीसी कोणाला नको असेल तर नुसती हार्डडिस्क जाते. "काढ बे, चार स्क्रू तर आहेत!"

काम खरंच सोपं आहे. जुन्या आयडीई डिस्कला मास्टर-स्लेव्हचा जंपर बघावा लागायचा, साटा आल्यावर तीही कटकट गेली. पॉवर बंद करा, दोन केबल काढा, दुसऱ्या मशीनला लावा, झालं. लॅपटॉपची डिस्क यूएसबी केसिंगमध्ये टाकली की पेन ड्राइव्हसारखी चालते.

पण राजेहो, कूलर दिला की विषय संपतो, डिस्कचं तसं नाही. तिच्यात आपले फोटो असतात, शिष्यवृत्तीसाठी स्कॅन केलेले आधार आणि जातीचे दाखले असतात, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड असतात. आणि फक्त आपलेच नाही. प्रोजेक्ट पार्टनरचे, मैत्रिणीचे, घरच्यांचेही असतात. त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, "सगळं डिलीट केलंय ना!" हाच तर गैरसमज. साध्या डिस्कवर डिलीट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं जागेवरच राहतात. क्विक फॉरमॅटनेही तेच होतं. एखादं फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं की बरंच काही वर येतं. अमेरिकेत गारफिंकल आणि शेलात या एमआयटीतल्या दोन संशोधकांनी 158 जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या. 2003 साली निष्कर्ष आला: चालू असलेल्या 129 पैकी फक्त 12 नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांच्या मालकांनाही 'सगळं डिलीट केलंय' असंच वाटत असणार!

उपाय अवघड नाही. विंडोज व्हिस्टापासून क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं की डिस्कवर सगळीकडे शून्य लिहिली जातात. फिरत्या डिस्कला तेवढं पुरतं. मोठ्या डिस्कला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपा. एसएसडीचं मात्र वेगळं. तिच्यात काही भाग फॉरमॅटच्या हाताला लागत नाही, म्हणून कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज वापरा.

उलट बाजूही आहे. हल्ली अनेक लॅपटॉपवर विंडोज आपणहून डिस्क एन्क्रिप्ट करतं. अशी डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की 48 आकडी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर चार वर्षांचा प्रोजेक्ट डोळ्यांसमोर असून हाती लागत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच: आधी कॉपी, मग पुसणं आणि शेवटी पेचकस. आपण मात्र पेचकसापासूनच सुरुवात करतो.

हे फक्त पोट्ट्यांना सांगून चालणार नाही. लॅबचा जुना संगणक डेड स्टॉक रजिस्टरमधून 'राइट ऑफ' होतो तेव्हा त्यातल्या डिस्कचं काय झालं, हा कॉलम रजिस्टरमध्ये असतो का? इंटर्नल मार्क, हजेरी, पोरांचे मोबाईल नंबर, सगळं त्याच डिस्कवर असतं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. आता जुनी मशीन आणखी निघतील. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यामुळे मशीन नोंदणीकृत रिसायकलरकडे जाईलही, पण आतला डेटा पुसायची जबाबदारी आपलीच.

माझी सूचना साधी आहे. सत्र संपताना आठवडाभर हार्डवेअर लॅबमधलं एक टेबल यासाठी द्या. एक पीसी, एक डॉक, दोन केबल आणि तिसऱ्या वर्षाची दोन पोरं. कोणीही डिस्क आणावी, डेटा घ्यावा आणि पुसून न्यावी. खर्च जवळपास शून्य, आणि ज्युनिअरना शिकायला मिळेल ते वेगळंच.

पेचकस कोणीही फिरवतो. दुसऱ्याचा डेटा सांभाळणारा तो खरा इंजिनिअर. बघा, पटतंय का!