मेंढरांच्या वाटेवरची शर्यत



मेंढरांचा आणि पळण्याच्या शर्यतीचा संबंध काय, असे तुम्ही म्हणाल. संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे.

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात कंब्रिया नावाचा परगणा आहे. तिथल्या डोंगराळ भागाला ‘लेक डिस्ट्रिक्ट’, म्हणजे तळ्यांचा मुलूख म्हणतात. डोंगर पळत चढायचा आणि पळतच उतरायचा, असा खेळ तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गावच्या जत्रेत कुस्त्या लागतात आणि त्याच दिवशी समोरच्या डोंगराला शिवून परत यायची शर्यतही होते. जुन्या काळी ती पळणारे बहुतेक मेंढपाळ आणि वाटाडे असत.

तिथले डोंगर उंचीला फार नाहीत. इंग्लंडमधले सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक ९७८ मीटरचे. आपली कळसूबाई १६४६ मीटर. पण तिथे पाऊस, वारा आणि धुके केव्हा येईल याचा नेम नसतो, आणि जमीन पावलोपावली बदलते. खाली पाइन-स्प्रूसची लावलेली जंगले, त्यांतून लाकूड नेण्याचे रुंद कच्चे रस्ते. वर आले की दगडी गडगे लागतात. मग कमरेएवढा नेचा. त्याच्या वर हेदर नावाच्या खुरट्या झुडपांचा माळ. ऑगस्टच्या सुमारास तो जांभळ्या फुलांनी भरून जातो, पण पळणाऱ्याचे पाय त्यात असे अडकतात की दम निघतो. माथ्याजवळ नुसता घसारा.

अशा मुलखात सरळ रेघ म्हणजे जवळची वाट नव्हे. कितीतरी शर्यतींत वाट आखलेलीच नसते. अमुक माथे गाठा आणि खाली या, एवढेच सांगतात. मग ज्याला जमीन कळते तो पुढे जातो. हेदर टाळून मेंढरांनी पाडलेली बारीक पायवाट धरायची, घसाऱ्यातून उतरताना पाऊल आखूड टाकायचे, ओल्या गवतावर टाच रोवायची. हे ज्ञान शिकवणीने येत नाही. गुरामागे हिंडून येते.

याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे जॉस नेलर. १९३६ साली वॉसडेल खोऱ्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा माणूस जन्मभर मेंढपाळ राहिला. नवव्या वर्षी त्याच्या पाठीला दुखापत झाली. तरुणपणी सैन्यातल्या सक्तीच्या भरतीतून त्याला पाठीमुळेच वगळले. बाविसाव्या वर्षी शस्त्रक्रिया करून मणक्यांमधल्या दोन चकत्या काढाव्या लागल्या. असा माणूस १९६० साली पहिल्या शर्यतीत उतरला तो कामाचे बूट आणि गुडघ्यावर कापलेली विजार घालून!

पुढची गोष्ट ऐका. बॉब ग्रॅहम नावाच्या गृहस्थाने १९३२ साली चोवीस तासांच्या आत ४२ माथे पालथे घातले होते. त्या फेरीचे अंतर सुमारे १०६ किलोमीटर, आणि एकूण चढण समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या उंचीच्या पाचपट. केझिक गावातून निघून त्याच गावात परत यायचे. आजही ती फेरी पुरी करणे म्हणजे मोठा मान समजतात. नेलरने १९७५ साली चोवीस तासांच्या आत ७२ माथे गाठले. तो उच्चांक तेरा वर्षे कोणी मोडला नाही. वयाच्या सत्तरीतही तो एका दिवसात सत्तर माथे पळाला. जून २०२४ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो वारला.

त्याला ही वाट कोणी दाखवली? त्याच्या मेंढरांनी. मेंढ्या गोळा करायच्या तर कुत्रा घेऊन डोंगरभर फिरावे लागते, धुक्यातही आणि पावसातही. कुठे दलदल, कुठे कडा, हे सारे त्याच्या पायांना ठाऊक झाले होते.

आता एक गोष्ट फक्त शेतकऱ्यालाच नीट कळेल. तिथल्या हर्डविक जातीच्या मेंढ्या उघड्या डोंगरावर चरतात. एकाच डोंगरावर अनेकांचे कळप असतात आणि मध्ये कुंपण नसते. तरी प्रत्येक कळप आपला भाग सोडून सहसा जात नाही. मेंढी आपल्या कोकराला हद्द शिकवते, ते कोकरू मोठे होऊन आपल्या कोकराला शिकवते. शेकडो वर्षे ही शाळा चालू आहे. मेंढ्या चरतात म्हणून माळ मोकळा राहतो, पायवाटा जिवंत राहतात. चराई बंद पडली तर नेचा आणि झुडपे वाट गिळून टाकतात.

२००१ साली हे सगळे जाते की काय, अशी वेळ आली. इंग्लंडात लाळ-खुरकूत शिरली. आपल्याकडे लस टोचतात, तिथे त्या साथीत रोगी कळपच नव्हे, तर आसपासची निरोगी जनावरेही मारून टाकली. साठ लाखांहून अधिक जनावरे गेली. सर्वांत जास्त झळ कंब्रियाला बसली. माणसांच्या बुटांतून रोग पसरू नये म्हणून डोंगर आणि पायवाटा कित्येक महिने बंद राहिल्या. शर्यती रद्द झाल्या. पण लोकांना खरी धास्ती वेगळीच होती. हद्द जाणणारी मेंढी गेली, तर नव्या मेंढीला हद्द कोण शिकवणार? मेंढ्या विकत आणता येतात, त्यांची शिकलेली हद्द विकत मिळत नाही. त्या वर्षी शहरातून पळायला येणाऱ्यांनाही कळून चुकले, की ज्या वाटेवर आपण पळतो ती कोणाच्या तरी चुलीशी बांधलेली आहे.

तिथे २००० साली कायदा झाला. नकाशावर ठरवून दिलेल्या डोंगरावर आणि माळावर पायी जाण्याचा हक्क सर्वांना मिळाला. पण हक्काबरोबर रीतही आली. १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा अशा माळावर आखूड दोरीनेच न्यायचा, आणि गुरे-मेंढरे जवळ असतील तर बारा महिने. उघडलेले फाटक आपल्या हातांनी लावायचे. पिकातून जायचे नाही. डोंगरातल्या मोठ्या शर्यतीला जाणाऱ्याजवळ पावसाळी अंगरखा, नकाशा, होकायंत्र, शिटी आणि खाऊ असावाच लागतो, नाहीतर पळू देत नाहीत.

आता आपल्या दारात या. आज गावोगावची पोरे-पोरी पहाटे भरतीसाठी पळतात. बहुतेक कुठे? डांबरी सडकेवर, अंधारात, मागून येणाऱ्या ट्रकच्या भरवशावर. आणि गावाशेजारचा माळ, डोंगराची सोंड मोकळी पडलेली असते. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने त्याच प्रकारात २०२३ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक आणले. दोघेही दुष्काळी मुलखातले. तेव्हा आपल्या माळाला कमी लेखू नका.

मैदानावरचा सराव सोडू नका, कारण भरतीची चाचणी सपाटीवर होते. पण आठवड्यातून एक-दोन दिवस डोंगर धरा. चढताना दम वाढतो, उतरताना पायाची बैठक पक्की होते. मात्र आधी उजेडात ती वाट चालून पाहा. गवतात बिनकठड्याची विहीर असते, शेवाळलेला कातळ असतो, रानडुकरांसाठी लावलेली तार असते. नीट उजाडल्यावर निघा, दोघे-तिघे मिळून जा, कुठल्या वाटेने चाललो ते घरी सांगून जा. बिबट्याचा वावर असेल तर ती वाट सोडा. लेकींनाही पाठवा. सोबत लागली तर घरातले कोणी चालत जा, तुमचाही व्यायाम होईल.

आणि वाट विचारायची तर गावातल्या म्हाताऱ्या धनगराला किंवा गुराख्याला विचारा. पाणी कुठे, घसारा कुठे, कुठल्या अंगाने चढले म्हणजे दम कमी लागतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नाही. त्याच्या पायांत ज्या वाटा आहेत, त्या अजून कोणत्याही नकाशात उतरलेल्या नाहीत. तो आहे तोवर पोरांना एकदा त्याच्यामागे चालू द्या. पळणे मग आपोआप येईल.