गाडी नसलेल्यांचे मांद्रे

मांद्रेहून म्हापशाला जायला सकाळी बस मिळते. प्रश्न असतो परतीचा. शिवोली-चोपडे पूल होण्याआधी आपण फेरीबोटीवर अवलंबून होतो, तेव्हा निदान सगळ्यांची अडचण एकच होती. आता पूल आहे, पण तिन्हीसांजेनंतर बस विरळ होतात आणि गाडी नसलेला माणूस अडकतो.

2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. नोंदणी झालेली वाहने आज त्याहून अधिक आहेत. त्यात भंगारात गेलेल्या गाड्याही आल्या, तरी चित्र खोटे नाही. घरोघर दुचाकी आली तसा बसचा संध्याकाळचा प्रवासी घटला. खाजगी बसमालकाचे गणित तिकिटावर चालते, रिकामी फेरी त्याला परवडत नाही. ती फेरी चुकली की आणखी एकजण स्कूटर घेतो. मालकाला दोष देऊन हे चक्र थांबणार नाही.

याची झळ कोणाला? म्हापशाला किंवा विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना, तुये किंवा म्हापशाच्या इस्पितळात जाणाऱ्या वृद्धांना, दुकानांत कामाला असलेल्या बायकांना. नाइलाजाने अल्पवयीन मुलाच्या हाती स्कूटर दिली, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पायलट आणि टॅक्सी आहेत, पण रोजच्या येण्याजाण्याला ते भाडे कोणाला झेपणार? दहीकाला पाहायला पूर्वी वाड्यावाड्यांतून माणसे चालत येत. आता भरधाव गाड्यांच्या रस्त्यावर रात्री चालायची म्हाताऱ्यांना भीती वाटते.

2023 साली दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत आपल्याच तालुक्यात मोपाहून विमाने उडू लागली. तिथून पणजी, मडगावला कदंब सुटते. (पर्यटकाची सोय आधी, हे नवीन नाही.) दुसरी गोष्ट ‘म्हजी बस’ योजना: खाजगी बस कदंब महामंडळाखाली चालवायची आणि मालकाला किलोमीटरमागे मोबदला द्यायचा. आपल्या कामाची हीच. पैसे किलोमीटरवर मिळाले तर संध्याकाळची अर्धी रिकामी बस सोडायला मालक का कचरेल?

ग्रामसभेत नुसती ‘बस वाढवा’ अशी मागणी नको. म्हापशाहून शेवटची बस किती वाजता सुटावी आणि ती जुनसवाड्यापर्यंत यावी की नाही, हे दोन मुद्दे लेखी द्यावेत, आणि सह्या करणाऱ्यांत गाडीवाल्यांनीही असावे.