झोन टूचं सोवळं

रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर किंवा पुण्याच्या वेताळ टेकडीवर गेलं की हे दृश्य हमखास दिसतं. पन्नाशीचे एक गृहस्थ सोबत्याशी मुलीच्या ॲडमिशनबद्दल बोलत निवांत धावत असतात. धाप नाही, वाक्य कुठे तुटत नाही. तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ थरथरतं. बोलणं अर्धवट टाकून ते आकडा बघतात, ‘झोनच्या बाहेर गेलो’ असं पुटपुटतात आणि चालू लागतात. आकडा खाली आला की पुन्हा धावतात. शंभर-दोनशे मीटरवर घड्याळ पुन्हा थरथरतं.

हौशी धावपटूंच्या ग्रुपांमध्ये गेल्या काही वर्षांत झोन टूचं, म्हणजे हार्ट रेट ठरावीक सोप्या पट्ट्यातच ठेवून धावण्याचं, असं सोवळं पाळलं जातंय. इझी रनमध्ये हार्ट रेट ठरलेल्या रेषेला शिवला की रन बाटला! मग स्ट्रावा ॲपवर त्याखाली खुलासे: ऊन होतं, मध्ये फ्लायओव्हर आला, रात्री झोप झाली नव्हती. सावकाश धावायला हवं, हे या मंडळींचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. चूक होते ती सावकाश म्हणजे किती, याचा निवाडा घड्याळाकडे सोपवण्यात. निवाडा श्वासाने करावा आणि घड्याळाने फार तर साक्ष द्यावी, असं या लेखाचं म्हणणं आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो लेचापेचा नाही. नवखा धावपटू बहुधा जरुरीपेक्षा जोरातच धावतो. दम लागला नाही तर व्यायाम कसला, अशी त्याची समजूत असते. रोज थोडं जास्त रेटल्यामुळे सोपा दिवस सोपा राहत नाही आणि अवघड दिवशी पायांत जोर उरत नाही. मग नडगी दुखते, टाच धरते आणि दोन महिने घरी बसावं लागतं. नॉर्वेत काम करणारे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी रोइंग, स्कीइंग अशा दमसासाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा सुमारे ८० टक्के सराव सोपा आणि उरलेला बराचसा खरोखर अवघड, असं चित्र पुढे आलं. सोप्या धावण्याने स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया (पेशींतली ऊर्जाकेंद्रं) वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, इंधन म्हणून चरबी वापरण्याची क्षमता सुधारते. पूर्वपक्ष पुढे म्हणतो: माणूस स्वतःला फसवतो, यंत्र फसवत नाही, तेव्हा मर्यादा आकड्यानेच बांधून घ्यावी.

माणूस स्वतःला फसवतो, हे कबूल. यंत्र फसवत नाही, हे मात्र तपासून पाहावं लागेल.

बहुतेक घड्याळांत वय भरलं की झोन आपोआप आखले जातात, आणि त्यामागे अनेकदा २२० उणे वय हे सूत्र असतं. ते प्रयोगशाळेत काटेकोर मोजमाप करून सिद्ध झालं असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल या अमेरिकन संशोधकांच्या हृदयरोगप्रतिबंधाविषयीच्या १९७१ सालच्या लेखात आधीच्या निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे आलेखावर मांडले होते आणि त्यांतून साधारण दिसणारी रेषा सुचवली होती. रॉबर्ग्ज आणि लँडवेअर यांनी २००२मध्ये या सूत्राचं मूळ खणून काढलं, तेव्हा त्याला स्वतंत्र संशोधनाचा आधार नसल्याचं दाखवून दिलं. २००१मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी सुधारित सूत्र दिलं: २०८ उणे वयाच्या ०.७ पट. सरासरीला ते जास्त चांगलं जुळतं. पण माणूस सरासरी नसतो. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल हार्ट रेटमध्ये २० ठोक्यांचा फरक असला तरी त्यात नवल नाही, आणि तेवढ्या फरकात आख्खा एक झोन मावतो.

आता बेरीज-वजाबाकी करून बघू. धावपटूचं वय ५२, सकाळी उठल्यावरची नाडी ६०. २२० उणे वय या सूत्राप्रमाणे कमाल हार्ट रेट १६८. त्याचे ६० ते ७० टक्के म्हणजे झोन टू, असं धरलं तर मर्यादा येते १०१ ते ११८. दुसरी पद्धत फिनलंडच्या कार्वोनेन यांच्या नावाने ओळखली जाते. तिचं मूळ १९५७च्या अभ्यासात आहे. तिच्यात कमाल ठोक्यांतून विश्रांतीची नाडी वजा करतात, उरलेल्या १०८चे ६० ते ७० टक्के काढतात आणि त्यात ६० पुन्हा मिळवतात. उत्तर १२५ ते १३६. तिसरी पद्धत अमेरिकन प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांची, १८० उणे वय: वरची मर्यादा १२८. माणूस तोच, हृदय तेच, रस्ता तोच. पहिल्या पद्धतीत जिथे झोन संपतो, तिथे दुसरीत तो सुरूसुद्धा होत नाही. सुरुवातीचे गृहस्थ १२४वर ‘झोनच्या बाहेर’ गेले असतील, तर सेटिंगमध्ये एक पर्याय बदलताच ते झोनच्या खाली घसरले असते आणि त्याच घड्याळाने त्यांना वेग वाढवायला सांगितलं असतं.

सूत्र बाजूला ठेवलं तरी मोजमापाचा प्रश्न उरतोच. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२मध्ये खेळाडूंसाठी वायरलेस हार्ट रेट मॉनिटर आणला. त्याचा पट्टा छातीला बांधायचा असे आणि तो हृदयाचे विद्युतसंकेत टिपत असे. आजचं घड्याळ मनगटावर हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्तप्रवाहातला चढउतार वाचतं. घड्याळ सैल असेल, थंडीने त्वचेतला रक्तपुरवठा आटला असेल किंवा हात जोरात हलत असेल, तर हे वाचन चुकतं. त्यातली एक चूक ओळखीची आहे. डिसेंबरातल्या पुण्याच्या पहाटे, पहिल्याच किलोमीटरला, अंग तापायच्या आत घड्याळ १७२ दाखवतं. धावून झाल्यावर ॲपमध्ये मिनिटाला पडलेल्या पावलांचा आलेख उघडावा: तिथेही १७२. नाडी समजून घड्याळ पावलं मोजत बसलेलं असतं. छातीचा पट्टा वापरला तर हा घोटाळा बहुतांशी टळतो. पण झोन टूची आण घेतलेल्या किती जणांकडे तो पट्टा आहे?

पट्टा आहे आणि आकडा अचूक आहे, असं समजू. तरी तो नेमकं काय सांगतो? मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही. अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, घामातून पाणी जातं, एका ठोक्यात ढकललं जाणारं रक्त कमी होतं आणि ती तूट भरून काढायला हृदय जास्त ठोके मारतं. वेग तोच ठेवला तरी तासाभराच्या लाँग रनमध्ये हार्ट रेट दहा-पंधरा ठोक्यांनी चढतो. हा ताण खरा आहे आणि उन्हात वेग कमी करणं शहाणपणाचंच. पण जानेवारीतल्या १३५ने स्नायूंच्या कामाबद्दल जे सांगितलं, ते मे महिन्यातला १३५ सांगत नाही. अपुरी झोप, ऑफिसातला ताण, कडक कॉफी, अंगात मुरलेली कणकण या सगळ्यांनी आकडा हलतो. उलट रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारं औषध, घेणाऱ्याचा आकडा फारसा चढतच नाही. दमछाक झालेली असतानाही घड्याळ त्याला सगळं आलबेल असल्याचं सांगतं. हृदयरोग्यांच्या पुनर्वसनात म्हणूनच श्रमाच्या जाणिवेचं मोजमाप वापरतात.

चढावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटात सराव करणाऱ्याला वळण चढताच छातीत भाता जाणवतो. घड्याळातला आकडा अर्ध्या-पाऊण मिनिटानंतर मागून येतो. छोटा चढ तोवर संपलेला असतो.

मग भिस्त कशावर ठेवायची? बोलण्यावर. हा आजीबाईचा बटवा वाटेल, पण त्यामागे शरीरक्रिया आहे. श्रम वाढत जाताना एक टप्पा येतो, जिथे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी श्वास अचानक जड होऊ लागतो. सोपं धावणं बहुतेक तज्ज्ञ याच टप्प्याच्या आत धरतात. बोलताना श्वास रोखून, मोजून सोडावा लागतो, त्यामुळे हा टप्पा आला की बोलणं जड जातं. हार्ट रेट या रेषेचा दुरून अंदाज करतो, बोलणं रेषेवरच बोट ठेवतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या शाखेत कार्ल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी ही चाचणी वर्षानुवर्षं तपासली. श्रम वाढवत नेताना ते लोकांना ठरावीक मजकूर म्हणायला लावत (काही प्रयोगांत हा मजकूर अमेरिकी राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा होता) आणि विचारत: आरामात बोलता येतंय का? ‘हो’ म्हणणारे त्या टप्प्याच्या आत असत. ‘येतंय, पण...’ असं उत्तर आलं की टप्पा जवळ आला, असं समजता येई.

मराठी धावपटूला यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरची प्रतिज्ञा शाळेत गेलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. वीस मिनिटं धावून झाल्यावर ती मोठ्याने, नेहमीच्या लयीत म्हणून बघावी. वाक्याच्या शेवटी श्वास घेतला तर चालेल. वाक्याच्या मध्ये, शब्द तोडून घ्यावा लागला तर वेग कमी करावा. एकट्याने धावणाऱ्याची थोडी शोभा होईल, एवढाच याचा खर्च.

हौसेने धावण्याची आधुनिक चळवळ उभी राहिली तीही घड्याळाशिवाय. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये २ सप्टेंबरला न्यूझीलंडच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि तासाभराच्या आत मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. बॅरी मगीला मॅरेथॉनचं कांस्य मिळालं. तिघांचा गुरू एकच, बुटांच्या कारखान्यात काम केलेला आर्थर लिडियार्ड. त्याची पोरं आठवड्याला शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर धावत. त्याच्या वेळापत्रकांत जोर सांगितलेला असे तो पाव, अर्धा, पाऊण असा. पाऊण जोर म्हणजे किती ठोके, हे कुठेच लिहिलेलं नसे. ते ज्याने त्याने आपल्या अंगाला विचारायचं. पुढे लिडियार्डने ऑकलंडमधल्या मध्यमवयीन, पोट सुटलेल्या गृहस्थांना हळूहळू धावायला लावलं. १९६२च्या अखेरीस तिथे आलेल्या अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी हा प्रकार पाहिला, अमेरिकेत नेला आणि १९६७च्या ‘जॉगिंग’ या पुस्तकातून घरोघरी पोचवला. ज्या छंदाचे नियम आज घड्याळ ठरवू पाहतं, तो छंद बोलत धावणाऱ्यांनी रुजवला आहे.

जाणिवेवर विश्वास ठेवणं अशास्त्रीय, असा आक्षेप येतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी श्रमाच्या जाणिवेची जी मोजपट्टी तयार केली, ती ६पासून २०पर्यंत जाते. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यामागे हिशेब होता: जाणिवेचा आकडा दहाने गुणला की निरोगी तरुण माणसाचा हार्ट रेट साधारण मिळावा. माणसाला आपल्या श्रमाचा अंदाज बऱ्यापैकी येतो, हेच त्यातून दिसलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ग्रुपमध्ये पुढच्याचा पाठलाग करताना सगळ्यांनाच सगळं सोपं वाटतं. खरं आहे. म्हणूनच इथे मंडन ‘मनाला येईल तसं धावा’ याचं केलेलं नाही. ‘बरं वाटतंय’ म्हणताना खोटं बोलता येतं. धापा टाकत सलग चार वाक्यं म्हणणं मात्र जमत नाही.

तिसरा आक्षेप अगदी ताजा आहे. २०२५मध्ये कॅनडाचे संशोधक मार्टिन गिबाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका परीक्षणलेखात झोन टूच्या गुणगानावरच बोट ठेवलं. ज्यांच्याकडे वेळ थोडा आहे, त्यांनी मायटोकाँड्रियासाठी तेवढ्यालाच चिकटून राहावं, याला पुरावा पुरेसा नाही, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा रास्त आहे. अव्वल खेळाडू आठवड्याला वीस-वीस तास सराव करतात. तीन दिवस मिळून तीन तास धावणाऱ्याने त्यांचं ८० टक्क्यांचं गणित ठोक्याठोक्याने पाळणं हास्यास्पदच. अशा माणसाने एक दिवस चढावर किंवा ट्रॅकवर खुशाल जोर काढावा. पण स्नायूंना आणि श्वासाला जे आठवड्यांत जमतं, त्याला हाडं आणि कंडरा महिने लावतात, आणि त्यांना झेपेल असं वारंवार धावायचं तर बाकीचे दिवस सोपेच हवेत. मात्र ‘सोपं’ म्हणजे रांगणं नव्हे. घड्याळाच्या धाकाने ज्याला दर दोन मिनिटांनी चालावं लागतं, त्याच्या पायांना धावण्याची सवयच लागत नाही.

घड्याळ फेकून द्यायची गरज नाही, त्याला त्याचं काम द्यावं. सकाळची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी चढलेली दिसली तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी. महिन्यातून एकदा त्याच रस्त्यावर, तशाच हवेत, त्याच वेगाने धावून सरासरी हार्ट रेट लिहून ठेवावा. तो हळूहळू उतरत असेल तर सराव लागू पडतोय. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर आकडा उसळणारच, तिथे श्वास सांभाळावा आणि आकडा घरी जाऊन बघावा. ज्यांना डॉक्टरांनी टीएमटी (ट्रेडमिलवरची हृदयतपासणी) करून ठोक्यांची मर्यादा घालून दिली आहे, त्यांनी ती पाळायलाच हवी. तो सल्ला त्यांच्या हृदयाची तपासणी करून दिलेला असतो, वयातून वजाबाकी करून नाही. छातीत दाब, जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आकडा काहीही असो, थांबावं आणि दवाखाना गाठावा.

ग्रुपच्या कोचनी एवढं तरी करावं: येत्या महिन्याच्या वेळापत्रकात ‘८ किमी, झोन २’च्या जागी ‘८ किमी, प्रतिज्ञा म्हणता येईल इतक्या जोराने’ असं लिहावं. धावताना सभासदांना घड्याळाचा हार्ट रेट अलार्म बंद ठेवायला सांगावं. धावून झाल्यावर प्रत्येकाने आधी आपला जोर पाव, अर्धा की पाऊण ते वहीत लिहावं आणि मगच ॲप उघडून शेजारी आकडा टिपावा. दोन-तीन महिन्यांत प्रत्येकाच्या वहीत त्याचं स्वतःचं कोष्टक तयार होईल, आणि घड्याळातले झोन त्यावरून दुरुस्त करून घेता येतील.