पराभवाची उजळणी

दहावी-बारावीचे निकाल लागले की नापास झालेल्या मुलांच्या घरी एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं : खचू नकोस, सकारात्मक राहा. सांगणाऱ्यांची तळमळ खरी असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे त्या वाक्यातून मुलाला कळत नाही. अपयशातून माणूस वर येतो तो प्रयत्नानं आणि उमेदीनं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मात्र उमेद धर म्हटल्यानं धरता येत नाही. आपण कुठे हरलो, कशामुळे हरलो, कितीनं हरलो, हे स्वतःपासून न लपवता पाहिलं आणि त्यातलं काय आपल्या हातात आहे हे उमगलं, की मग ती येते आणि टिकतेही. आधी हिशेब, मग उमेद. आपण हा क्रम उलटा लावतो, म्हणून आपलं धीर देणं पुष्कळदा वाया जातं.

खाशाबा जाधवांची गोष्ट महाराष्ट्रात जिद्दीचं उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. पण त्या जिद्दीच्या आत काय होतं, इकडे फारसं कुणी पाहत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. घरच्या आखाड्यात नाव कमावलेल्या पैलवानाला हा निकाल जिव्हारी लागणारच. पण हरण्याचं कारण ताकदीत नव्हतं. खाशाबा लाल मातीत घडले होते. तिथे पाय रोवायला माती असते, आणि पाठ टेकवून चीतपट केलं की कुस्ती निकाली. ऑलिंपिकच्या मॅटवर पाय रुतत नाही. तिथे घड्याळ चालतं, पकडीला आणि ताब्याला गुण मिळतात, पाठ न टेकताही कुस्ती हातची जाऊ शकते. ते नियम आणि तो पृष्ठभाग त्यांना परके होते. म्हणजे लंडननं त्यांना सांगितलं ते एवढंच, की एक विद्या शिकायची राहिली आहे. हे ओळखल्यावर पुढची चार वर्षं कशासाठी घाम गाळायचा ते ठरलं. वाटेत निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाला असं वाटलं तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकली. प्रवासखर्चाचा प्रश्न आला तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा बँटमवेट गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मिळायला 1996 साल उजाडावं लागलं, आणि ते लिअँडर पेसनं टेनिसमध्ये मिळवलं.

या यशाचं श्रेय ‘मनात आणलं आणि करून दाखवलं’ असं देऊन मोकळं होणं खाशाबांच्या मेहनतीवरच अन्याय करणारं आहे. मनात तर लंडनलाही आणलं होतं. दोन ऑलिंपिकच्या मध्ये वाढलं ते आपल्या उणिवेचं ज्ञान, आणि त्या ज्ञानाला जोडलेला सराव. नुसतं गोड चित्र रंगवण्यानं काय होतं, यावर मानसशास्त्रात चांगला अभ्यास झालेला आहे. गाब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी वजन घटवण्याच्या कार्यक्रमात दाखल झालेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. तो 1991 साली प्रसिद्ध झाला. आपल्याला हे जमेल असा अंदाज बांधणाऱ्या स्त्रियांचं वजन जास्त उतरलं. पण आपण सडपातळ झालो आहोत, सगळे कौतुक करताहेत, अशा सुखद कल्पनांत रमणाऱ्यांचं कमी उतरलं. पुढे पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या तरुणांच्या बाबतीतही त्यांना तसंच दिसलं. मनासारख्या नोकरीची स्वप्नं रंगवणाऱ्यांनी अर्ज कमी केले, आणि त्यांच्या हाती नोकऱ्याही कमी आल्या. पूर्वानुभवावर बेतलेला विश्वास माणसाला कामाला लावतो. नुसतं स्वप्न मात्र काम झाल्याचं समाधान आधीच देऊन टाकतं, आणि हात थंडावतात. आपल्याकडची प्रेरणादायी भाषणं बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारची असतात, हे मला काळजीचं वाटतं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. यशस्वी झालेल्यांचीच उदाहरणं दिली तर काहीही सिद्ध करता येतं. तितकेच कष्ट करून हरलेले शेकडो पैलवान कुणाला आठवत नाहीत. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच प्रयत्न केला की यश मिळतंच, असं मी म्हणत नाही. माझा दावा त्याहून लहान आहे. हार नीट पाहिली तर पुढचा प्रयत्न अधिक नेमका होतो. आणि कधीकधी तो हिशेबच सांगतो की हे क्षेत्र आता सोड. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धा होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं शरीर कमरेखाली लुळं पडलं. मुष्टियुद्ध संपलं, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले, आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्याचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. पदक मिळालं नसतं तरी निर्णय बरोबरच ठरला असता, कारण तो उरलेल्या शरीराचा खरा अंदाज घेऊन केलेला होता. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात वर्षानुवर्षं खोली घेऊन राहिलेल्या मुलामुलींना हे कुणीतरी प्रेमानं सांगायला हवं. पूर्व परीक्षेतच दरवेळी अडकत असू, तर अभ्यासाची पद्धत बदलायची की वाटच बदलायची, हा प्रश्न विचारणं म्हणजे हार मानणं नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रयत्नाचा उपदेश करणं म्हणजे परिस्थितीनं चिरडलेल्या माणसाच्या माथी त्याच्याच दुःखाचा दोष मारणं नाही का? नाशिककडे द्राक्षाचे घड भरात असताना गारपीट झाली, तर बागायतदाराच्या वृत्तीत काय खोट होती? काहीच नव्हती. पण खरा हिशेब केला तर तो हेच सांगतो. प्रामाणिक हिशेब माणसाला दोषी ठरवतो तसा दोषमुक्तही करतो. छाटणी वेळेवर झाली होती, फवारणी झाली होती, नुकसान गारेनं केलं. एवढं स्वच्छ दिसलं की मग पंचनामा, विमा, कर्जाची फेररचना यासाठी भांडायला माणूस ताठ मानेनं उभा राहतो. स्वतःला कमनशिबी म्हणत बसणारा ते भांडण अर्ध्यावर सोडतो. हेलसिंकीतही असाच बाहेरचा फटका बसला होता. जपानच्या इशीशी लांबलेली झुंज हरल्यावर खाशाबांना पुरेशी विश्रांती न देता सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं गेलं, आणि त्याविरुद्ध बोलायला भारताचा अधिकारी तिथे हजर नव्हता, असं त्या स्पर्धेबद्दल लिहिलं गेलं आहे. पराभवाचा तेवढा वाटा व्यवस्थेचा. पैलवानाला त्याचा दोष देऊ नये, आणि व्यवस्थेला त्यातून सोडूही नये.

आणखीही एक शंका येते. नापास झालेल्या कोवळ्या मुलाला त्याच्या चुका पुन्हा दाखवल्या तर ते आणखी कोसळणार नाही का? रागावून, पाहुण्यांसमोर, शेजारच्या मुलाशी तुलना करत दाखवल्या तर नक्कीच कोसळेल. पण चुका झाकून ठेवल्या तर हार धूसर राहते, आणि धूसर हार पसरत जाते. ‘बीजगणितात समीकरण मांडता आलं नाही’ ही हार एका विषयातल्या एका प्रकरणाएवढी असते. नीट न पाहिलेली तीच हार ‘मला काही जमत नाही’ होऊन आख्ख्या आयुष्यावर बसते. मुलाला हलकं करायचं असेल तर हार लहान करून दाखवावी लागते, आणि ती लहान दिसते ती जवळून पाहिल्यावरच.

आपल्या राज्य मंडळानं यातलं एक काम चांगलं केलं आहे. नापास विद्यार्थ्यांची पुरवणी परीक्षा पूर्वी ऑक्टोबरच्या सुमाराला होई, आणि तोवर वर्ष हातचं गेलेलं असे. आता ती निकालानंतर काही आठवड्यांतच होते, म्हणजे पास झालेल्याला त्याच वर्षी पुढचा प्रवेश घेता येतो. शाळा सुटलेल्यांना बाहेरून बसण्यासाठी 17 नंबरचा अर्ज आहेच. पुढची कुस्ती लागणार आहे ही खात्री म्हणजे उमेदीचा निम्मा आधार. राहिलेला निम्मा मात्र आपण देत नाही. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पण त्यासाठी अर्ज करा, विषयागणिक शुल्क भरा. ती मागतात बहुतेक वेळा ते पुनर्मूल्यांकन करून दोन-चार गुण वाढवून घ्यायचे असतात म्हणून. ज्याला त्या पानांची सर्वाधिक गरज आहे त्या नापास मुलाच्या हाती गुणपत्रिकेतला एक आकडा पडतो, आणि आपण काय लिहिलं होतं हे न पाहताच ते पुन्हा त्याच पेपरला बसतं. नापास झालेल्या प्रत्येक विषयाची छायाप्रत मंडळानं विद्यार्थ्याला न मागता आणि विनाशुल्क द्यावी, आणि पुरवणी परीक्षेपूर्वी त्या विषयाच्या शिक्षकांनी निदान एक तास त्याच्या शेजारी बसून ती पानं उलटावीत, ही तरतूद नियमातच हवी. छपाईचा आणि टपालाचा खर्च मंडळाला झेपणार नाही इतका मोठा नाही. अडचण शिक्षकांच्या वेळेची आहे. शाळा सुट्टीवर असतात, त्यामुळे या कामाचा वेगळा मोबदला द्यावा लागेल आणि तो द्यायलाच हवा. यंदाच्या निकालाआधी हा निर्णय झाला, तर पुरवणी परीक्षेला बसणाऱ्या मुलांपासूनच त्याची सुरुवात करता येईल.