कुंपणाचे अर्थशास्त्र

गेल्या डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, सिडनीच्या एका उपनगरात धाकट्या भावाच्या बिऱ्हाडी महिनाभर राहण्याचा योग आला. घर भाड्याचे आणि त्याच्या परसात पोहण्याचा तलाव. आपल्याकडे खासगी तलाव म्हटला की धनिकांचा बंगला डोळ्यांपुढे येतो. ऑस्ट्रेलियात तो मध्यमवर्गीयाच्या परसातही असतो, आणि तेथे स्थायिक होऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या पदरी तो भाड्याच्या घराबरोबर कधी कधी न मागताही पडतो. भावाच्या भाडेकरारास जोडलेले एक पान मी कुतूहलाने वाचले. तलावाभोवतीचे कुंपण न्यू साउथ वेल्स राज्याच्या कायद्याला धरून असल्याचे ते प्रमाणपत्र होते. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला अशा कागदांत नको इतका रस असतो. त्या कागदाचा खरा अर्थ मात्र मला वाचून कळला नाही.

एका रविवारी तलावाकाठी चार मंडळी जमायची होती. मी घरातून खुर्च्या नेत होतो. दोन्ही हात गुंतलेले, आणि दर खेपेस ते फाटक आपोआप मिटे व वरचा खटका खाडकन पडे. तिसऱ्या खेपेस मी वैतागून फाटकाला पाण्याची बादली लावली. खुर्च्या मांडून झाल्या, सगळे जेवायला आत आलो, बादली तशीच राहिली. काही मिनिटांनी अडीच वर्षांची पुतणी घरात दिसेना. ती तलावाच्या काठावर उकिडवी बसून हातातल्या वाटीने पाणी ढवळीत होती. भावाने तिला उचलून आणले. रागावला नाही. बादली बाजूला करून एवढेच म्हणाला, "दादा, ते फाटक आपल्याला त्रास व्हावा म्हणूनच तसं केलेलं असतं."

या वाक्यात त्या सगळ्या कायद्याचे मर्म आहे, असे मला नंतर तो कायदा वाचताना वाटले. 1992 च्या या अधिनियमाची व त्याखालील मानकांची कलमे वरवर पाहता किरकोळ वाटतात. कुंपणाची उंची किमान 1.2 मीटर असावी. उभ्या गजांमधील आणि कुंपणाखालील फट 10 सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. फाटक तलावाच्या उलट दिशेस, बाहेर उघडावे. ते कोणत्याही स्थितीत सोडले तरी आपोआप मिटावे आणि त्याचा खटका आपोआप पडावा. खटका उघड्यावर असेल तर तो जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असावा. यापलीकडे एक कलम असे आहे, की कुंपणालगतच्या 90 सेंटिमीटरच्या पट्ट्यात पाय ठेवून चढता येईल असे काहीही नसावे. कुंडी नको, खुर्ची नको, पंपाची पेटी नको, झाडाची आडवी फांदीही नको. 30 सेंटिमीटरहून अधिक खोल पाणी मावेल अशा तलावाला हे सर्व लागू. साहजिकच दुकानातून आणून हवा भरलेला, मुलांच्या खेळण्यातला रबरी हौदही यातून सुटत नाही. तो आणणाऱ्या पुष्कळांना याची कल्पना नसते.

ही मापे कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेली नाहीत. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर, त्याच्या हाताची पोच, पायाला आधार मिळाल्यास त्याला चढता येणारी उंची यांचा तो हिशेब आहे. इतके लहान मूल पाण्यात पडले की बहुधा ओरडत नाही. चित्रपटात दिसते तशी धडपड, हाका, पाण्याचा खळखळाट यांपैकी काही होत नाही. घरातल्या माणसाला फोन घेऊन परत येण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सारे आटोपलेले असते. "आमचे मुलावर सतत लक्ष असते" असे म्हणणाऱ्या आईबापांचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे. पण सतत लक्ष ही वस्तू कोणत्याही घरात उपलब्ध नाही. तिच्या तुटवड्याच्या काळात उपयोगी पडावी म्हणून कुंपणाची योजना आहे.

परंतु कुंपण बांधले म्हणजे काम संपले, ही समजूत मालकवर्गात खोलवर रुजलेली आहे आणि ती चुकीची आहे. कुंपण ही भिंतीसारखी स्थिर मालमत्ता नव्हे. त्यास यंत्राप्रमाणे घसारा लागतो. बिजागरीची स्प्रिंग ढिली पडते आणि फाटक शेवटच्या दोन इंचांवर रेंगाळते. लोखंड गंजते, लाकूड उन्हात तडकते. पावसाने खालची माती वाहून जाते व 10 सेंटिमीटरची फट पंधराची होते. उलट बागकामात बाहेरच्या बाजूस मातीचा ढीग साचला तर 1.2 मीटरचे कुंपण नकळत एक मीटरचे होते. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी वाढते. यांपैकी एकही गोष्ट कोणी मुद्दाम करीत नाही, आणि म्हणूनच ती कोणाच्या ध्यानात येत नाही. भावाच्या घरमालकांनी नेमलेल्या तपासनिसाने आधीच्या वर्षी प्रमाणपत्र नाकारले होते ते कुंपणालगत ठेवलेल्या एका जुन्या बाकामुळे. मालकांनी त्यावर बरीच कुरकुर केली होती म्हणे.

आता, आपल्या खर्चाने आपल्या परसात तलाव बांधणाऱ्यास सरकारने असे वेठीस का धरावे, हा प्रश्न गैरवाजवी नाही. त्याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातच सापडते. तलावाचा आनंद मालकाचा, जोखीम मात्र शेजाऱ्याच्या, पाहुण्याच्या आणि भाडेकरूच्या मुलाची. लाभ आणि खर्च जेथे एकाच माणसाच्या पदरी पडत नाहीत तेथे बाजारभाव योग्य निर्णय देत नाही, हे पिगू यांनी शंभरएक वर्षांपूर्वी मांडले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1873 मध्ये, रेल्वेच्या फिरत्या चकत्यावर खेळताना जखमी झालेल्या मुलाच्या खटल्यात, मुलांना ओढून घेणाऱ्या धोकादायक वस्तूच्या मालकाची जबाबदारी मान्य केली. निळ्या पाण्याइतकी मुलांना ओढून घेणारी दुसरी वस्तू क्वचितच असेल.

दुसरा मुद्दा माहितीचा. अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विकणाऱ्यास वस्तूचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात आणि त्यामुळे बाजारच बिघडतो. नव्याने देशात आलेल्या भाडेकरूस कुंपणातला दोष काय दिसणार? त्याला खोल्या, भाडे आणि स्टेशनचे अंतर दिसते. न्यू साउथ वेल्सने 2013 मध्ये खासगी तलावांची नोंदवही उघडली, आणि एप्रिल 2016 पासून घर विकताना अथवा भाड्याने देताना कुंपणासंबंधीचे प्रमाणपत्र जोडणे बंधनकारक केले. हे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. घरोघर निरीक्षक धाडण्याऐवजी, जेथे मालकाला सही करावीच लागते त्या क्षणी त्याला अडवण्याची ही युक्ती स्वस्त आहे आणि, माझ्या मते, चतुर आहे. कर्तव्यांची वाटणीही नेमकी केलेली आहे: कुंपण उभारण्याची व सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची, फाटक मिटलेले ठेवण्याची जबाबदारी राहणाऱ्याची. माझ्या बादलीचा दोष त्यामुळे कायद्याने भावाच्या माथी बसला असता.

तथापि या कायद्यात दोन मोठी छिद्रे आहेत, व ती 10 सेंटिमीटरहून बरीच रुंद आहेत. पहिले असे, की जो मालक घर विकत नाही आणि भाड्यानेही देत नाही त्याच्या दारी प्रमाणपत्राचा प्रश्न येतच नाही. नगरपालिकांनी तपासणीचा कार्यक्रम आखावा असे कायदा सांगतो. पण ठरावीक मुदतीची सक्ती पर्यटकांच्या निवासस्थानांपुरती व अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींपुरती आहे. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याने चार वर्षांनी एकदा प्रत्येक तलावमालकास प्रमाणपत्र सादर करावयास लावले आहे. दुसरे छिद्र अधिक गंभीर. 1 ऑगस्ट 1990 पूर्वी बांधलेल्या तलावांना चारही बाजूंच्या कुंपणातून सूट आहे; तेथे घराची भिंत, दारे व खिडक्या यांनाच चौथी बाजू समजले जाते. म्हणजे स्वयंपाकघराचे मागचे दार उघडले की पाणी. ही सूट देण्यामागचे राजकारण समजू शकते, कारण जुन्या मालकांवर अचानक खर्च लादणे कोणत्याही सरकारला जड जाते. पण तलाव कोणत्या वर्षी बांधला हे दोन वर्षांच्या मुलाला कसे कळावे? आणि बहुतेक मुले तर घरातूनच तलावाकडे जातात! तलावाला चारही बाजूंनी वेगळे पाडणारे कुंपण असेल तर, केवळ आवाराच्या सीमेवरील तीन बाजूंच्या कुंपणाच्या तुलनेत, मूल बुडण्याचा धोका 83 टक्क्यांनी घटतो, असा आकडा अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने दिला आहे. क्वीन्सलंड राज्याने 2010 मध्ये सर्वांसाठी एकच मानक ठरविले, जुन्या मालकांना 30 नोव्हेंबर 2015 पर्यंत मुदत दिली, आणि विषय मिटवला. जे एका राज्याला पाच वर्षांत साधले ते दुसऱ्याला तीस वर्षांहून अधिक काळ साधू नये, याला आर्थिक कारण देता येत नाही.

माझ्याच शास्त्रातील काही मंडळी येथे आक्षेप घेतील. पेल्ट्झमन यांनी 1975 मध्ये मोटारींच्या बाबतीत असे प्रतिपादन केले, की सुरक्षेची साधने वाढली की माणसे अधिक बेफिकीर होतात. व्हिस्कुसी यांनी 1984 मध्ये औषधांच्या, मुलांना उघडता येऊ नयेत अशा झाकणांविषयी लिहिताना हेच दाखविले; झाकण उघडणे कटकटीचे झाले तेव्हा लोक बाटल्या उघड्याच ठेवू लागले. बादली लावणारा प्रस्तुत लेखक हा त्यांच्या सिद्धान्ताचा चालताबोलता पुरावा होय. असे असूनही मला हा आक्षेप मोडीत काढावासा वाटतो. उघड्या बाटलीमुळे झाकणाची उपयुक्तता संपते हे खरे. पण तिच्यावरून झाकणे नसावीत हा निष्कर्ष निघत नाही, उघड्या बाटलीबद्दल कोणाला तरी जाब विचारला जावा एवढाच निघतो. फ्रान्सने 2003 च्या कायद्याने मालकाला कुंपण, आच्छादन, बंदिस्त छप्पर किंवा धोक्याची घंटा यांपैकी एक निवडण्याची मुभा दिली. निवडीचे स्वातंत्र्य मला एरवी प्रिय आहे. पण घंटा वाजते ती मूल पाण्यात गेल्यावर. कुंपणाशी तिची बरोबरी लावणे म्हणजे दाराला कुलूप घालणे आणि चोरी झाल्यावर शेजाऱ्याने हाक मारणे यांना एकाच किमतीचे मानणे होय.

हे सारे दूरच्या देशाचे म्हणून वाचकांनी सोडून द्यावे, असे मला वाटत नाही. लोणावळा, कर्जत, अलिबाग या पट्ट्यात आणि गोव्यात दिवसाच्या भाड्याने मिळणारे तलावाचे बंगले आता मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले आहेत, आणि अशा बंगल्यांच्या तलावांत लहान मुले बुडाल्याच्या बातम्या याच पानांच्या मागेपुढे छापून आल्या आहेत. तेथील धोका सिडनीच्या घरापेक्षा अधिक आहे. कारण दर शनिवारी कुटुंब नवे, मुलाला जागा अनोळखी, वडीलधारी मंडळी मौजेच्या मनःस्थितीत, आणि प्रत्येकाला वाटते की मुलाकडे दुसरा कोणी तरी पाहत आहे. विहिरीला कठडा असावा हे आपल्या आजोबा-पणजोबांना समजत होते, जरी सर्वच विहिरींना तो त्यांनी बांधला नाही. बंगला भाड्याने देण्याची परवानगी ज्या कचेरीतून मिळते तिने चार बाजूंचे कुंपण व स्वतः मिटणारे फाटक पाहूनच ती द्यावी, आणि ठरावीक मुदतीने पुन्हा पाहावे, इतकी मागणी करण्यास परदेशी तज्ज्ञांची गरज नाही. खर्चाची ओरड होईल. एका सुट्टीच्या हंगामाच्या भाड्यापुढे तो खर्च काय आहे, हे मालकांनीच कागदावर मांडून पाहावे.

येत्या मे महिन्यात भाऊ सहकुटुंब भारतात येणार आहे, म्हणून दोन दिवसांसाठी बंगला शोधण्याचे काम माझ्याकडे आले. छायाचित्रे पुष्कळ आली: निळे पाणी, पांढऱ्या खुर्च्या, काठावर फुलांच्या कुंड्या. कुंपण एकातही दिसेना. एका मालकांना फोन करून विचारले, तर ते सौजन्याने म्हणाले, "साहेब, कुंपण घातलं की फोटो चांगला येत नाही." आम्ही अजून दुसरा बंगला पाहतो आहोत.