मजकूर व स्वर

१९४२ च्या ऑगस्टांत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांस माग लागूं नये म्हणून प्रक्षेपक एका घरांतून दुसऱ्या घरांत हलवीत. अखेर १२ नोव्हेंबरला छापा पडलाच. त्या भाषणांचा मजकूर आज वाचावयास मिळतो, तो पोलिसांनींच ऐकून टिपून ठेवल्यामुळें! परंतु मजकूर म्हणजे स्वर नव्हे. स्वर चुकतांच ‘इन्द्रशत्रु’ शब्दाचा अर्थ उलटून वृत्राचाच नाश झाला, ही कथा आम्ही वर्गांत नेहमीं सांगत असूं. अंधेरी-मुलुंडकडील ज्या घरांत त्या पिढीच्या आठवणी ध्वनिफितींवर असतील, त्यांनीं त्या माळ्यावरून उतरवाव्या, बोलणाराचें नांव व साल लिहावें आणि जाणकाराकडून प्रत करवून घ्यावी. आपल्या दमट हवेंत फितीस बुरशी धरते. तशी फीत घाईनें यंत्रावर मात्र चढवूं नये.